तेवीस अक्षरं

फळा गेल्या हिवाळ्यात सरपणाला गेला,
म्हणून मी दारावर लिहिते.
लोखंडी दार. बाहेरून वाळूने घासून घासून पांढरं पडलेलं,
आतून अजून हिरवं.
खडू कुरकुरतो. घुबड उमटतं.

"घुबड म्हणजे म," मी म्हणते. "सिंह ल.
हंस क. उघडा डोळा द."
मागून मुतासिम विचारतो, "आणि गाढव, उस्ताझा?"
गाढव नाही.
तेवीसच आहेत रे, तुला बसवायला जागा नाही.

मिसरची चित्रं समोरून येणाऱ्याकडे तोंड करून उभी असतात,
पहारेकऱ्यासारखी.
मेरोवेची तशी नाहीत.
ज्या दिशेला वाचायचं त्याच दिशेला ती बघतात,
म्हणजे वाचणारा त्यांच्या मागून चालतो,
बाजाराला निघालेल्या आईच्या मागे पोर चालतं तसा.
हे सांगताना माझा आवाज चढतो.
चढू दे.

फदवाला तिचं नाव लिहायचंय.
पण या लिपीत फ नाही.
प आहे, आणि प आमच्या जिभेला येत नाही,
आम्ही पासपोर्टचा बासबोर्ट करतो, आणि तोही मिळत नाही.
दोन हजार वर्षांपूर्वी याच नदीकाठी
आया पोरांच्या तोंडात प घालत होत्या.
आज पस्तीस पोरं ओठ फुगवून, थुंकी उडवत,
एक हरवलेला आवाज परत आणतायत:
प, प, प,
रात्रभर शिजणाऱ्या पावट्यासारखा.
"पदवा," ती लिहिते. मान तिरकी करून बघते.
तिला ते आवडलेलं नाही. पुसतही नाही.

मग मी वहीतून एक ओळ दारावर उतरवते,
टेकडीमागच्या थडग्यावरची.
उजवीकडून डावीकडे. दोन ठिपके आले की थांबायचं,
तिथे शब्द संपतो.
सगळी ओळ मोठ्याने वाचते, न अडखळता.
"म्हणजे काय?"
"माहीत नाही."
"अहो, वाचलंत की आत्ता!"

हे मला अजून नीट सांगता येत नाही.
भिंतीपलीकडे शेजारी बोलतात,
एकेक अक्षर कानावर येतं,
पण भांडण चाललंय की लग्नाची बोलणी, ते कळत नाही.
शंभर वर्षं झाली, शहाणी माणसं भिंतीला कान लावून आहेत.
दोन्ही भाषांत कोरलेला एक लांबसा दगड मिळाला असता तर.
एक तरी पणती उरली असती, ती भाषा तोंडात असलेली.

"काहीच नाही कळलं?"
कळलं. राजा कळला, राणी कळली, थोडे देव.
आणि थडग्यांवर पुन्हा पुन्हा येतं ते:
अतो, पाणी.
अत, भाकर.
अतो महे: भरपूर पाणी.
गेलेल्याला भरपूर पाणी पाजा, भरपूर भाकर द्या,
असं काहीतरी. देवांना सांगितलेलं.

वर्ग गप्प. भाकर म्हटल्यावर होतो तसा.
खिडकीशी निझार बसलाय,
खार्तूमहून ट्रकने आला त्याला सात आठवडे झाले,
हजेरीलाही तो फक्त हात वर करतो.

तेवढ्यात रस्त्यावर टँकरचा भोंगा.
धडा संपला, मला विचारतंय कोण.
पस्तीस पिवळे डबे एकमेकांवर आपटत दारातून बाहेर,
दार उघडून भिंतीला टेकलं,
घुबड आणि सिंह भिंतीकडे तोंड करून अंधारात.
मुतासिम पुढे धावत बोंबलतोय, "अतो महे! अतो महे!"
मग फदवा. मग सगळेच.
रांगेतल्या बायका वळून बघतात, एकजण हसते,
आणि ड्रायव्हरला वाटतं ही कसली नवी शिवी.
"कुठली बोली रे ही?" तो विचारतो.

निझारने डबा नळीखाली धरला.
पाण्याकडे बघतच म्हणाला,
"इथली."

मी हातात खडू घेऊन पायरीवर.
त्या शब्दापुढचे दोन ठिपके
द्यायचे राहिलेत.